सासवड ते सुपे: परतीच्या पावसानंतरची कच्ची वाट (ग्रॅव्हल राइड)

माळवाट (धागाकर्ता)

हस्ताचा पाऊस ओसरून चित्रा लागली तरी पुण्यातले बहुतेक सायकलवाले अजून मुळशी-ताम्हिणीकडेच पळतात. या दिवसांत माझं मन मात्र पूर्वेकडे ओढ घेतं. सासवडच्या पुढे कऱ्हेच्या आजूबाजूने मोरगाव-सुप्यापर्यंत जो माळ पसरलाय, तो वर्षातून जेमतेम पाच-सहा आठवडे सायकलीसाठी जमून येतो. त्याआधी चिखल, त्यानंतर फुफाटा. मधल्या या काळात मुरूम दबून घट्ट बसलेला असतो, ओढ्यांना घोट्याएवढं पाणी असतं आणि गवत हिरव्याचं पिवळं होत असतं. ग्रॅव्हल बाईक (कच्च्या वाटांसाठीची रुंद टायरची सायकल) घेऊन ती फक्त डांबरावर फिरवणाऱ्या मित्रांना हे सांगावंसं वाटलं, म्हणून हा धागा.

वाट साधारण अशी: सासवड, खानवडी, पारगाव, राजेवाडी (इथे पुणे-मिरज लोहमार्ग ओलांडायचा), पिसर्वे, नायगाव, पांडेश्वर, मोरगाव, सुपे. वळसे धरून पन्नास-पंचावन्न किलोमीटर होतात. गावं डांबरी रस्त्यांनी जोडलेली आहेतच, पण प्रत्येक दोन गावांच्या मध्ये जुनी गाडीवाट किंवा पाणंद सापडते. दोन्ही बाजूंना बाभळी, हिवर, मध्येच पिवळ्या फुलांचा तरवड, आणि खाली बैलगाडीच्या नि आता ट्रॅक्टरच्या चाकांनी पाडलेल्या दोन चाकोऱ्या. एकूण उतार सुप्याच्या दिशेने आहे, त्यामुळे नवख्यालाही जमते. फक्त परतीचा पाऊस गेल्यावर वारा पूर्वेकडून यायला लागतो, तो सकाळी तोंडावर घ्यावा लागतो.

जमिनीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण सगळी मजा आणि सगळा त्रास तिच्यातच आहे. उंचवट्यावर खडक झिजून झालेला मुरूम असतो, माती बोटभर. पाणी लगेच निचरतं, त्यामुळे रात्री पाऊस झाला तरी सकाळी चाक व्यवस्थित पळतं. ओढ्याकडे उतरायला लागलात की माती काळी होत जाते. ही माती पाणी पिऊन फुगते आणि दोन-तीन दिवस सोडत नाही. टायरला चिकटते, टायरवरची माती फोर्कमध्ये अडकते, मग चाक फिरायचंच थांबतं. अशा वेळी जोर लावून पेडल मारलं तर मागच्या डिरेलरचा (गिअर बदलणाऱ्या भागाचा) हँगर मुडपतो. काळी ओल दिसली की उतरायचं, सायकल खांद्यावर घ्यायची आणि गवताच्या कडेने पलीकडे जायचं. पुढच्या चढावर रंग तांबूस-करडा झाला की परत बसायचं. थोड्या सवयीने लांबूनच रंगावरून कळायला लागतं.

सूर्योदय सध्या साडेसहाच्या सुमाराला आहे. उजाडताच सासवड सोडलं तर दहापर्यंत पांडेश्वर गाठता येतं. तिथे कऱ्हेकाठी विटांचं बांधकाम असलेलं जुनं मंदिर आहे, सावली आहे. घाई न करता अर्धा तास बसावं. ऑक्टोबरचं ऊन अकरानंतर खरोखर भाजतं आणि माळावर झाड शोधावं लागतं. अडीच-तीन लिटर पाणी जवळ ठेवा. वाटेत शाळा, देऊळ, हापसा असतो, पण सगळे हापसे चालू असतातच असं नाही.

एक कळकळीची विनंती: चाकोरी सोडू नका. माळ मोकळा दिसतो, कुठूनही सायकल घालावीशी वाटते. तो कुणाचं तरी गायरान असतो, कुणाची चराई, नाहीतर वनखात्याची जमीन. आडव्या गवतातून चाक गेलं की तिथला चारा मोडतो आणि पुढच्या माणसाला नवी वाट दिसते. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य तर सव्वापाच चौरस किलोमीटरसुद्धा नाही. एवढ्याशा जागेत चिंकारा तग धरून आहे. मी तिथे सायकल आत नेत नाही, बाहेरच्या वाटेने वळसा घेतो. ज्यांना आत जायचं असेल त्यांनी रीतसर नोंद करून पायी जावं.

जीपीएक्स फाइल (मोबाइलवर वाट दाखवणारी) उद्या टाकतो. कुणाला काही विचारायचं असेल तर जरूर विचारा.

---

दोनचाकी

फार छान लिहिलंय. माझ्याकडे ग्रॅव्हल बाईक नाही, साधी हायब्रिड आहे, टायर ७०० x ३८. चालेल का? आणि हवा किती ठेवायची? डांबरावर मी ७० पीएसआय (हवेचा दाब) ठेवतो.

---

माळवाट

@दोनचाकी, आरामात चालेल. या वाटांवरून दूधवाले वर्षानुवर्षं चोवीस-अठ्ठावीस इंची साध्या सायकलींवर दोन-दोन कॅन अडकवून गेलेत. माळासाठी महाग सायकल लागते हा समज आधी मनातून काढून टाका.

हवा मात्र कमी करा. ७० वर चाक दगडावरून उडतं आणि खाली येताना घसरतं, हातापायांना मुंग्या येतात ते वेगळंच. तुमचं वजन सत्तरच्या आसपास असेल तर ३८ च्या टायरला, ट्यूब असल्यास, ४५ पासून सुरुवात करा. त्याहून फार खाली गेलात तर दगडावर रिम बसून ट्यूबला दोन भोकं पडतात. ट्यूबलेस असेल तर ३५ पर्यंत जाऊ शकता. मी स्वतः ४२ च्या टायरला पुढे ३२, मागे ३५ ठेवतो.

---

सराटा_निवारक

या भागातला खरा शत्रू बाभळीचा काटा नव्हे, सराटा. वाटेच्या कडेला जमिनीला चिकटून पसरलेला वेल, बारीक पिवळी पाच पाकळ्यांची फुलं. पावसाळ्यात नजरेला गोड दिसतो. ऑक्टोबरमध्ये त्याची फळं वाळतात आणि फुटून पाच तुकडे होतात. प्रत्येक तुकड्याला दोन मोठे कडक काटे, आणि तो कसाही पडला तरी एक काटा वरच राहतो. लघवीच्या औषधात वापरतात ते गोखरू म्हणजे हेच.

ट्यूबलेसवाल्यांनी निघण्याआधी सीलंट (भोक बुजवायला टायरमध्ये घालतात ते द्रव) ओलं आहे का ते बघावं. आपल्या हवेत तीन-चार महिन्यांत ते वाळून आत पापडी होते, वरून काहीच कळत नाही. चाक काढून हलवलं आणि आत खळखळ ऐकू आली नाही तर नवं घाला. वाटेत काटा घुसला तर तो काढायचा आणि लगेच चाक फिरवून भोक तळाशी आणायचं, म्हणजे सीलंट तिथे जमतं. दहा-पंधरा सेकंद फसफसतं आणि बंद होतं.

ट्यूबवाल्यांनी पंक्चर काढताना टायरच्या आतून बोट फिरवून बघायलाच हवं. सराट्याचं टोक टायरमध्ये मोडून राहतं, बाहेरून दिसत नाही. नवी ट्यूब टाकून शंभर मीटर गेलं की पुन्हा तेच. बोट हळू फिरवा, टोक तीक्ष्ण असतं. नखाने नाही निघालं तर बारीक चिमटा लागतो, म्हणून मी हत्यारांच्या पिशवीत भुवयांचा चिमटा ठेवतो.

---

कऱ्हाकाठ

मी पुरंदर तालुक्यातलाच, शेतकरी. धागा वाचून बरं वाटलं, आमच्या माळाला कुणी चांगलं म्हटलं. पण दोन गोष्टी सांगायच्यात.

पहिली, जीपीएक्स. तुम्ही ज्या वाटा सांगताय त्यातल्या काही सरकारी पाणंदी आहेत, काही दोन भावांनी आपापसांत ठरवून सोडलेल्या वाटा आहेत. एकट्यादुकट्यानं विचारून गेला तर आमच्याकडं कुणी नाही म्हणत नाही, उलट चहा पाजतील. तीच वाट मोबाइलवर सगळ्यांना मिळाली आणि रविवारी तीस-चाळीस जण एकदम आले तर ज्याच्या बांधावरून जाता तो वैतागणारच. मग तो काट्या टाकणार, आणि त्याचा त्रास पहिला होणार त्याच्या शेजाऱ्याला, ज्याचं त्या वाटेवाचून अडतं. सायकलवाले त्या रविवारनंतर दुसरीकडं जातील, भांडण आमच्यात राहील.

दुसरी, दिवस. आता सीताफळाचा हंगाम आहे. पहाटे चारपासून पाट्या भरून टेम्पो सासवडच्या बाजाराला निघतात. अरुंद पाणंदीत समोरून टेम्पो आला तर मागं तोच घेऊ शकत नाही, तुम्ही घेऊ शकता. आणि बागेच्या कडेला झटका मशीनची (विजेचा झटका देणारी) तार असते, रानडुकरांसाठी. संध्याकाळी लावतात, सकाळी काढायची राहूनही जाते. तारेला सायकल टेकवून फोटो काढायला जाऊ नका.

---

माळवाट

@कऱ्हाकाठ, तुमचं म्हणणं पटलं. जीपीएक्स टाकत नाही. त्याऐवजी ज्या वाटा निर्विवाद सार्वजनिक आहेत त्यांचंच वर्णन लिहितो, ज्याला जायचं त्याने गावात विचारून पुढे जावं. तसंही माळावर माणसं भेटतात ती वाट विचारल्यामुळेच. चार किंवा पाचपेक्षा जास्त जणांचा गट करू नये, हेही धाग्याच्या मजकुरात घालतो.

---

जुना_मोजणीदार

भूमी अभिलेखात नोकरी झाली, म्हणून सार्वजनिक वाट कुठली नि खाजगी कुठली यावर लिहितो.

गाव नकाशा पाहावा. तुटक दुबार रेषा म्हणजे ग्रामीण गाडीमार्ग, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. एकेरी तुटक रेषा म्हणजे पायमार्ग, सव्वाआठ फूट. नकाशावर हे आहे म्हणजे तो रस्ता कुणाच्याही सातबाऱ्यावरून गेला तरी अडवता येत नाही. कुणी अडवला तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. आणि नकाशावर वाट नसेल, पण शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात जायला दुसरा मार्गच नसेल, तर जमीन महसूल संहिता १९६६ मधलं कलम १४३ बांधावरून वाट मिळवून देतं.

नीट लक्षात घ्या, कलम १४३ ची वाट त्या शेतकऱ्याच्या वहिवाटीसाठी आहे. सहलीला आलेल्या माणसाने ती हक्काने मागू नये. कऱ्हाकाठ म्हणतात तो 'दोन भावांनी ठरवलेला रस्ता' याच प्रकारचा. तिथे विचारूनच जावं, आणि 'नको' म्हणाले तर हसून मागे फिरावं.

प्रत्यक्षात बऱ्याच पाणंदी नकाशावर एकवीस फूट आणि जागेवर सहा फूट आहेत. दोन्हीकडून बांध सरकत येतो. मोजणीला गेल्यावर सगळ्यांत जास्त शिव्या आम्ही याच कारणाने खाल्ल्या.

---

शलाका_र

मी आणि माझी मैत्रीण, दोघीच जाण्याचा विचार करतोय. माणसांची भीती वाटत नाही, गावाकडे उलट लोक चौकशी करतात, पाणी देतात. भीती आहे कुत्र्यांची. धनगरांच्या वाड्यावरची कुत्री सायकल दिसली की सुसाट येतात. काय करायचं?

दुसरं, वाटेत बायकांसाठी शौचालयाची सोय कुठे आहे? हे कुणी लिहीत नाही, म्हणून विचारते.

---

सुपेकर_आता_पुण्यात

@शलाका_र, दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगतो. मोरगावला देवस्थानाजवळ सोय आहे. सासवड आणि मोरगावच्या मधल्या गावांत शाळा किंवा ग्रामपंचायतीचं शौचालय असतं, पण रविवारी कुलूप असू शकतं. माझी बहीण आमच्या भागात फिरते तेव्हा सरळ कुठल्याही घरी जाऊन घरातल्या बाईला विचारते. आजवर तिला कुणी नाही म्हटलेलं नाही.

आता कुत्री. ही कुत्री मेंढरं राखायला असतात आणि लांडग्याशी भिडतात, त्यामुळे त्यांच्या दृष्टीने जोरात येणारी कुठलीही आडवी वस्तू म्हणजे धोका. सायकलवरून पळायचा प्रयत्न केला तर ती मागे लागणारच. मी लहानपणापासून जे करत आलोय ते सांगतो. कळप किंवा वाघर दिसली (जाळ्याचं कुंपण असतं रात्री मेंढरं कोंडायला, ती वाघर) की लांबूनच उतरायचं. सायकल कुत्रं आणि आपल्या मध्ये धरायची. मोठ्याने हाक मारायची, "ओ पाव्हणं, कुत्रं आवरा!" मेंढका एक शीळ घालतो आणि कुत्रं जागच्या जागी थांबतं. मग चालत पुढे. दगड उचलू नका, हातात दगड दिसला की कुत्रं आणखी चवताळतं आणि मेंढकाही बिथरतो.

समोरून कळप आला तर वाटेच्या एका कडेला थांबून राहायचं. घंटी वाजवायची नाही. मेंढरू एक बुजलं की शंभर बुजतात आणि पेरलेल्या शेतात घुसतात, भरपाई त्या बिचाऱ्याच्या गळ्यात पडते. आणि याच दिवसांत ही मंडळी हलायच्या तयारीत असतात. पावसाळाभर आमच्या माळावर राहून दिवाळीच्या पुढेमागे घोड्यांवर बिऱ्हाड लादून कोकणाकडे निघतात. घोड्याच्या पाठीवर भांडी, कोंबड्या, नुकतं जन्मलेलं कोकरू, कधी तान्हं पोरही. असा तांडा भेटला तर थांबून रामराम करा. मोबाइल वर करण्याआधी विचारा.

---

शलाका_र

मनापासून आभार. वाघर हा शब्द पहिल्यांदाच कळला. आता दोघी नक्की जाणार.

---

भोवत्या

मी पक्ष्यांसाठी सुप्याला जातो. सायकलवाल्यांशी थोडं बोलायचं होतं, बरं झालं धागा निघाला.

ऑक्टोबरपासून भोवत्ये येतात, माँटेग्यूचा आणि पांढुरका. शिकारी पक्षी, गवताच्या डोक्यावरून अगदी खाली तरंगत जातात. बहुतेकांना हे ठाऊक नसतं की रात्री ते झाडावर बसत नाहीत. गवतात, जमिनीवर, अनेक जण एकत्र मुक्काम करतात. सूर्यास्ताच्या आधी अर्धा-पाऊण तास एकेक जण येऊन गवतात उतरतो. तेवढ्यात कुणी दिवे लावून गवतातून गेलं तर सगळे उठतात आणि अंधारात नवी जागा शोधत राहतात. रात्रीचं सायकलिंग म्हणून हल्ली प्रखर दिवे लावून माळ तुडवणारे गट दिसतात, त्यांना हात जोडून विनंती: संध्याकाळी साडेपाचनंतर माळ सोडा, डांबरावर या.

थंडी पडली की लांडग्यांची पिल्लं बिळात असतात. डिसेंबर-जानेवारीत घळीच्या, नालीच्या कडेने उगाच आत शिरू नका. मादीला माणसाची चाहूल लागली तर ती पिल्लं तोंडात धरून दुसरीकडे हलवते.

सायकलचा मला एक फायदाही दिसतो. आवाज नाही. चाकोरीतून सावकाश गेलात तर पखुर्डी (माळावरचा पक्षी) दहा पावलांवर बसून राहते, चारचाकी आली की शंभर पावलांवरून उडते. चंडोल तर पुढे पुढे पळत राहतो, उडायचा कंटाळा करतो.

---

उतारपट्टा

सगळं वाचलं. मला एक खंत बोलून दाखवायची आहे. या भागात दरवर्षी एकेक कच्ची वाट डांबरी किंवा सिमेंटची होतेय. जिथे मुरूम होता तिथे यंदा खडी टाकून रोलर फिरलाय. पाच वर्षांनी ग्रॅव्हल राइडला वाटच उरणार नाही. सायकल संघटनांनी मिळून काही वाटा 'कच्च्याच ठेवा' अशी मागणी का करू नये?

---

कऱ्हाकाठ

@उतारपट्टा, रागावू नका, पण ही मागणी घेऊन आमच्या गावात येऊ नका.

जुलैमध्ये आमच्या वस्तीवरून बाळंतपणाची बाई ट्रॅक्टरवर बसवून मुख्य रस्त्याला न्यावी लागते. टोमॅटो काढला आणि पाऊस झाला तर टेम्पो आत येत नाही. क्रेट डोक्यावरून वाहायचे, मजुरी दुप्पट, माल एक दिवस शिळा, भाव पडलेला. सीताफळाचं तर एक रात्र उशीर झाला की फळ उकलतं, मग ते गराच्या कारखान्याला मातीमोल द्यायचं. पाणंद रस्त्याच्या योजनेत आमची वाट बसावी म्हणून गावानं ग्रामसभेत ठराव केले, बांधावरची अतिक्रमणं स्वतः मागं घेतली, भावकीत बोलणी खाल्ली. तुम्हाला जो मुरूम आवडतो त्यावर आम्ही बारा महिने राहतो.

माळ राखायचा असेल तर गायरानावर आणि वनखात्याच्या जमिनीवर काय चाललंय ते बघा. तिथं रात्री कचऱ्याच्या गाड्या रिकाम्या होतात. प्लॉट पाडणारे खुणांचे दगड रोवून जातात, तारेचं कुंपण घालतात आणि जुनी गाडीवाट मध्येच तुटते. त्यासाठी आवाज उठवा, आम्ही तुमच्या पुढं चालू.

---

उतारपट्टा

बाळंतिणीचं वाचून गप्प झालो. मागणी मागे घेतो. कचरा आणि कुंपणांचं मात्र मनावर घेतो. जिथे गाडीवाट तुटलेली दिसेल तिथले फोटो, गट नंबर काढता आला तर तोही, मी जमा करीन. @जुना_मोजणीदार, अशी तुटलेली वाट नकाशावर गाडीमार्ग असेल तर तक्रार आमच्यासारखा बाहेरचा माणूस करू शकतो का?

---

जुना_मोजणीदार

तक्रार अर्ज तहसीलदारांकडे कुणीही देऊ शकतो, पण त्याला वजन येतं ते गावच्या वहिवाटदाराच्या सहीने. तुम्ही फोटो नि जागा द्या, अर्ज गावातल्या माणसाने करावा. गाव नकाशाची प्रत भूमी अभिलेख कार्यालयातून मिळते, राज्याच्या महाभूनकाशा संकेतस्थळावरही गट नंबर टाकून पाहता येतो. मात्र संकेतस्थळावर सगळ्या वाटा दिसतीलच असं धरू नका. मूळ नकाशाची प्रत घ्या.

---

खानवडीची_लेक

धाग्यात वाटेतल्या गावांत सगळ्यात आधी माझ्या माहेरचं नाव आलं, म्हणून राहवलं नाही. खानवडी हे महात्मा फुल्यांच्या घराण्याचं गाव. सायकलवर जाणारे गावातून थेट निघून जातात, स्मारकापाशी पाच मिनिटं तरी थांबा.

आणि हे माहीत असू द्या की पुरंदर विमानतळासाठी जी सात गावं घेतली आहेत त्यांत खानवडी आहे, पारगाव आहे, एखतपूर, मुंजवडी, कुंभारवळण, वनपुरी, उदाचीवाडीही आहे. म्हणजे या राइडचा पहिला टप्पा जवळजवळ सगळाच. माझ्या वडिलांची अंजिराची बाग त्या पट्ट्यात येते. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा घरात पेढे वाटले होते. आज त्याच झाडांचं मूल्यांकन करायला लोक येतात. खोड मोजतात, वय विचारतात, वहीत लिहितात. वडील त्यांना पाणी देतात आणि बागेत निघून जातात.

कुणाची बाजू घ्यावी म्हणून हे लिहिलं नाही. ज्यांना ही वाट बघायची आहे त्यांनी यंदा बघून घ्या, आणि बागेत कुणी भेटलं तर दोन शब्द बोला. 'इथे विमानतळ झाला की तुमची चांदी' असं मात्र कृपा करून कुणाला म्हणू नका.

---

माळवाट

@खानवडीची_लेक, तुमचा प्रतिसाद वाचून धाग्याचं पहिलं पान बदलतोय. स्मारकाजवळचा थांबा वाटेत घातला आहे, आणि शेवटचं वाक्य जसंच्या तसं सूचनांमध्ये.

---

नान्नजकर

सोलापूरहून. आमच्याकडे माळढोकच्या माळावर हेच चित्र, फक्त मुरूम आणखी उथळ. एक भर घालतो: कुसळ. गवत पिकलं की कुसळं मोज्यात घुसतात आणि वळत वळत आतच जातात, दिवसभर टोचतात. घोट्यापर्यंतचे सुती मोजे टाळा, गुळगुळीत कापडाचे वापरा. चेनला दाट तेल नको, धूळ आणि कुसळं दोन्ही चिकटतात. कोरडं वंगण बरं.

---

दोनचाकी

येत्या रविवारी कुणी जातंय का? वरचं सगळं वाचून हवा ४५ वर आणली, चिमटा घेतला. एकट्याने जायला संकोच वाटतो.

---

माळवाट

@दोनचाकी, मी आणि @सराटा_निवारक जातोय, तुम्ही आलात तर तीन. @शलाका_र आणि मैत्रीण आल्या तर पाच, त्यापुढे नको. गुरुवार-शुक्रवारी पाऊस झाला तर नायगाव ते पांडेश्वरचा ओढ्याकाठचा तुकडा सोडून डांबराने जाऊ, तिथे काळी माती आहे.

सकाळी सहाला सासवड एसटी स्टँडसमोर. चहा तिथेच, नाश्ता मोरगावला. परतीला सुप्याहून चौफुल्याला जाणारा टेम्पो बघून ठेवलाय, ज्याला सायकलवरच परतायचंय त्याने ऊन धरून ठरवावं. प्रत्येकाने दोन ट्यूब, पंप आणि तीन लिटर पाणी.

---

कऱ्हाकाठ

पिसर्व्याच्या पुढं आलात की निरोप टाका. मी बागेतच असेन, सीताफळं झाडावरची देतो. ओढ्याला परवा पाणी गुडघ्याएवढं होतं. बंधाऱ्यावरून या, खालच्या वाटेनं नको, तिथला मुरूम वाहून गेलाय.

---

शलाका_र

आम्ही दोघी येतोय. माझे टायर ३५ चे आहेत, ट्यूबवाले. चालतील ना?

---

सराटा_निवारक

चालतील. हवा ५० ठेवा आणि ट्यूब दोनऐवजी तीन घ्या. चिमटा माझ्याकडे आहे.